"मॅडम, मोबाईलची कॅश क्लिअर करा" म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकू एका सरकारी कार्यालयातून हात हलवत परत आल्या. मुलाच्या अर्जासोबत कोणती कागदपत्रं लागतात ती यादी त्यांनी महिन्याच्या सुरुवातीला मोबाईलवर पाहिली होती. जायच्या आदल्या दिवशी पुन्हा उघडून खात्री केली, झेरॉक्स काढल्या, दिवसाची मजुरी बुडवली, रांग लावली. खिडकीवर उत्तर मिळालं, "यादी बदललीय. वेबसाईटवर टाकलंय ना आठ दिवसांपूर्वी!" काकूंनी मोबाईल पुढे केला. पान तेच, यादी जुनी. तर साहेब म्हणतात, "मॅडम, मोबाईलची कॅश क्लिअर करा." काकूंना वाटलं पैशाबद्दल काहीतरी चाललंय. हसू नका, ही कॅश म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेली पानाची प्रत, हे त्यांना कुणी सांगायचं? आणि का सांगायचं?

मी पोटापाण्यासाठी वेबसाईटच सांभाळतो, म्हणून रात्री बसून पाहिलं. तो सर्व्हर पानासोबत फक्त 'शेवटचा बदल अमुक तारखेला' एवढंच पाठवतो. हे पान किती वेळ ताजं धरायचं, यावर एक अक्षर नाही. मग ब्राउझर अंदाज बांधतो. कॅशिंगचं आजचं मानक, २०२२ चं आरएफसी ९१११, त्याला तशी मुभा देतं. नेहमीचा हिशेबही त्यात दिलाय: शेवटच्या बदलाला जितका काळ लोटला त्याच्या १० टक्के. जुनी यादी साधारण ३०० दिवस तशीच पडून होती. म्हणजे काकूंच्या मोबाईलने ती ३० दिवस ताजी मानली आणि सर्व्हरला विचारायलाच गेला नाही. पान जितकं धूळ खात पडलेलं, तितका त्याच्यावर भरवसा जास्त!

याला काकू जबाबदार? मोबाईल जबाबदार? अजिबात नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहायची होती, ती कुणी लिहिली नाही.

आता माझं खरं भांडण त्या सॉफ्टवेअरशी आहे. एनजिनएक्स घ्या, अपाचे घ्या, मुदत ठरवायची सोय दोन्हीत आहे, पण मुळात बंद. तुम्ही गप्प बसलात तर तेही गप्प. व्हार्निश समोर बसवलात आणि काही सांगितलं नाहीत, तर ते आपल्या मनाने प्रत १२० सेकंद ठेवतं. ते चालेल, दोन मिनिटांनी कुणाची मजुरी बुडत नाही. पण गप्प बसण्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि तो भोगणारा तिसराच, ही कुठली रचना?

त्यात नावं बघा. 'नो-कॅश' म्हणजे साठवू नका, असंच कुणालाही वाटेल ना? नाही हो! त्याचा अर्थ 'साठवा, पण दाखवण्याआधी दर वेळी विचारा'. साठवूच नका म्हणायला 'नो-स्टोअर' वेगळं. दहा-दहा वर्षं या धंद्यात असलेले लोक इथे चुकतात. दोष लोकांचा कमी, नाव ठेवणाऱ्यांचा जास्त.

तक्रार झाली की दुसरं टोक गाठतात. "कॅशच बंद करून टाका!" मग निकालाच्या दिवशी दुपारी १ वाजता सगळा जिल्हा एकदम येतो आणि साईट आडवी. एकच पान सर्व्हरपाशी नुसतं १ सेकंद राखून ठेवलं आणि एका वेळी एकाच विनंतीला आत सोडलं, तर बाहेर हजार येवोत की लाख, मागच्या डेटाबेसला त्या पानासाठी सेकंदाला एकच फेरी पडते. (प्रत्येकाचा निकाल वेगळा, त्याला हे लागू नाही, मान्य. पण मुखपृष्ठ, बैठक क्रमांकाचा फॉर्म, चित्रं? ती तर सगळ्यांना सारखीच.)

आणि घाईत उलटी चूक झाली तर काय होतं, ते २५ डिसेंबर २०१५ ला जगाने पाहिलं. गेम विकणाऱ्या स्टीमवर हल्ला झाला, ओझं पेलायला कॅशिंगचे नवे नियम लावले गेले आणि लॉगिन केलेल्यांची पानंही साठवून भलत्यांनाच दाखवली गेली. कुणाचा पत्ता, कुणाची खरेदी, कुणाचा ईमेल. कंपनीनेच आकडा दिला, सुमारे ३४,००० लोक. तिथे गेम होते. आपल्याकडे त्या जागी बँक खातं आणि जातीचा दाखला आहे.

सॉफ्टवेअरवाले म्हणतील, "कुणाचं पान कसलं, आम्हाला काय माहीत?" बरोबर, म्हणूनच विचारा! सुरू करतानाच विचारा: हे पान सगळ्यांना सारखं की एकेकाचं? एकेकाचं असेल तर साठवायला ठाम नकार द्या. सूचनेचं पान असेल तर आपल्या सर्व्हरवर हवं तितकं ठेवा, पण ब्राउझरला दर वेळी विचारायला लावा. बदल नसेल तर सर्व्हर '३०४' म्हणतो, पान पुन्हा पाठवावं लागत नाही. खर्च किरकोळ. सर्व्हरवरची प्रत एका आदेशाने पुसता येते, लोकांच्या खिशात गेलेली परत बोलावता येत नाही. एवढा फरक ज्याला कळतो तो नोटिशीच्या पानाला महिन्याची मुदत देणार नाही, आणि ते पान ब्राउझरच्या अंदाजावरही सोडणार नाही.

मी त्या कार्यालयाला लेखी पत्र दिलंय. तीन मागण्या आहेत. सूचनांच्या पानांना मुदतीची ओळ लावा, पानावरच 'शेवटचा बदल' तारीख-वेळेसह ठळक छापा, आणि त्या आठ दिवसांत जुनी यादी घेऊन आलेल्यांचे अर्ज परत न पाठवता राहिलेली कागदपत्रं नंतर घ्या. पोच मिळाली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो. तोवर तुमच्यापैकी कुणाला "कॅश क्लिअर करा" ऐकवलं गेलं असेल, तर कोणतं पान आणि कोणती तारीख, खाली लिहा. स्क्रीनशॉट असेल तर उत्तमच, फक्त आधार नंबर झाकून.