भारतातलं घरचं इंटरनेट खरंच स्वस्त आहे का?

भारतात 30 एमबीपीएसचा घरगुती ब्रॉडबँड प्लॅन 399 रुपयांना मिळतो. 18 टक्के जीएसटी धरून बिल येतं 471 रुपये. अमेरिकेत महिन्याला 70 डॉलर, म्हणजे 2023 च्या दराने सुमारे 5,800 रुपये सहज जातात. मग आपलं स्वस्तच की! रुपयांत मोजलं तर, हो.

पण संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाचा निकष वेगळा आहे. साध्या प्लॅनचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या 2 टक्क्यांच्या आत हवा. 2023 च्या सरासरी उत्पन्नानुसार भारतात ही मर्यादा होते जेमतेम 350 रुपये. म्हणजे 471 चं बिल 2.7 टक्क्यांवर जातं. अमेरिकेतलं 1 टक्क्याच्या आसपासच राहतं.

वेगाचं तर विचारूच नका. तिथल्या नियामकाच्या लेखी 2024 पासून 100 एमबीपीएसपेक्षा कमी डाउनलोड वेग म्हणजे ब्रॉडबँडच नाही. भारतात 2023 ला व्याख्या बदलली, तेव्हा किमान वेग ठरला 2 एमबीपीएस.