उद्यान ही चैन नव्हे

खेडेगावचा मनुष्य शहरात गेला आणि कचेरीचे, दवाखान्याचे वा बाजाराचे काम आटोपून गाडीस अवकाश असला, म्हणजे तो बागेची वाट विचारतो. नागपुरास महाराजबाग, पुण्यास सारसबाग, मुंबईस राणीचा बाग पाहिल्यावाचून त्याची फेरी पुरी होत नाही. घरी परतल्यावर कामाची हकीकत दोन वाक्यांत संपवून बागेचे वर्णन मात्र तो घटकाभर करीत बसतो. शेगावच्या संस्थानाने आनंदसागर उभारला तेव्हा त्याकडे वऱ्हाडातील कुटुंबांची रीघ लागली, तिचे कारण केवळ भक्ती हेच नव्हते. पाण्याचा देखावा, दाट सावली आणि मुलांस धावण्यापुरती मोकळी जमीन यांचाही त्यात मोठा वाटा होता.

यावर एक प्रश्न सहजच उभा राहतो. अनसिंगसारख्या गावी ज्याचा जन्म शेतात जातो, त्याने झाडे पाहण्यासाठी पदरचे पैसे मोडून दूर का जावे? याचे उत्तर असे की शेतातील झाड हे कोणाच्या तरी मालकीचे झाड असते व त्याखालची सावली ही कामाच्या मधली सावली असते. सोयाबीन सोंगणारी किंवा कापूस वेचणारी बाई निंबाखाली बसते ती भाकरी खाण्यापुरती. तेथे तिची वेळ मुकादमाच्या हाती आणि बांध मालकाच्या हाती. बागेतील बाकावर बसलेल्या मनुष्यास मात्र तू कोण, कोणाचा, येथे का बसलास आणि काय विकत घेणार, असे विचारण्याचा अधिकार कोणासही नाही. निर्हेतुकपणे, पण अधिकाराने बसता येईल अशी जागा हीच सार्वजनिक उद्यानाची खरी देणगी होय. फुले, कारंजी व हिरवळ ही तिची शोभा आहे, तिचा प्राण नव्हे.

ज्यास हे म्हणणे अतिशयोक्त वाटेल त्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राकडे पाहावे. परळच्या चाळीत दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबातील हा विद्यार्थी शाळा सुटल्यावर वाचनासाठी चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसे. त्या बागेत येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष तेथेच या मुलाकडे वेधले. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी त्यास स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले, आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून त्याच्या उच्च शिक्षणाची सोय लावून दिली. एका बाकाने एका विद्यार्थ्यास एक वडीलधारा हितचिंतक मिळवून दिला. त्यातून पुढे देशास काय मिळाले हे सांगावयास नको.

याच कथेची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. परदेशी विद्या संपादून १९१७ साली आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. जात कळताच त्यांस पारशी खानावळीतून बाहेर काढण्यात आले व साऱ्या नगरात त्यांस छप्पर मिळेना. तेव्हा मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे सुमारे पाच तास त्यांनी कामाठीबागेत काढले. ती बाग सयाजीरावांनीच वसविलेली. महाराजांच्या सेवकास महाराजांच्या राजधानीत कोणी घर दिले नाही; जागा दिली ती बागेने. समाजाने दारे लावून घेतली असता जी भूमी उघडी राहते, तिला चैन म्हणणाऱ्याने चैन व गरज यांतील भेदच ओळखला नाही असे आम्हांस वाटते.

आमच्या घटनाकारांनी हा भेद पक्का ओळखला होता. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या जोडीस, सरकारी पैशाने पूर्णतः वा अंशतः चालविलेल्या सार्वजनिक राबत्याच्या जागांचाही स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणाने तेथे कोणासही अडविता येत नाही. त्यापुढील खंडात स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची मुभा आहे. म्हणजे बागेचा हक्क हा नगरपालिकेच्या मेहेरबानीचा भाग नसून नागरिकत्वाचा भाग आहे.

परंतु कागदावरचा हक्क न वापरल्यास हातचा जातो. त्याच्या जाण्याच्या वाटा तीन. पहिली वाट तिकिटाची. मुंबईच्या राणीच्या बागेचा प्रवेशदर १ ऑगस्ट २०१७ पासून प्रौढांस ५ रुपयांवरून एकदम ५० रुपये झाला. प्राण्यांच्या संगोपनास खर्च येतो हे आम्हांस मान्य आहे. पण १८६२ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या बागेच्या दारात मजुराने बायकामुलांसह हिशेब करीत उभे राहावे, हे सार्वजनिक या शब्दास शोभत नाही. दुसरी वाट मुदतीची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७ अन्वये विकास आराखड्यात बागेसाठी राखलेली खासगी जमीन दहा वर्षांत संपादिली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत म्हणजे आरक्षण आपोआप गळून पडते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, मग बारा झाली, २०१५ पासून चोवीस महिने आहे. मालकास अनंतकाळ टांगून ठेवू नये हे न्यायाचेच आहे. दोष कायद्याचा नसून नोटीस फायलीत निजवून ठेवणाऱ्या कारभाराचा आहे. कोणीही कुऱ्हाड चालवीत नाही, आणि लावण्यापूर्वीच बाग मरते.

तिसरी वाट अधिक गोड बोलून येते. बेंगळुरात एका वसाहतीच्या आराखड्यात उद्यानासाठी ठेवलेली जागा खासगी शुश्रूषागृहास देण्यात आली. आजाऱ्यांची सेवा हे बागेहून थोर कार्य नव्हे काय, असा युक्तिवाद झाला. रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. उद्यानावर रहिवाशांचा हक्क आहे, त्यासाठी त्यांस दाद मागता येते व एका लोकोपयोगी वस्तूचे नाव पुढे करून दुसरी हिरावता येत नाही, हे त्या निकालाचे सार. आपल्या तालुक्याच्या गावी राखीव जागेवर व्यापारी गाळे उभे राहू लागले, तर प्रत्येक नागरिकाने हा निकाल स्मरावा.

येथवर शहरांचे झाले. खेड्यांचे काय? १९९२ च्या दुरुस्त्यांनी घटनेस दोन अनुसूची जोडल्या. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे हा विषय नाव घेऊन घातला आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. सामाजिक वनीकरण आहे, वैरण आहे, बाजार व जत्रा आहेत. बाग मात्र नाही. वाशीम जिल्हा २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांत मोडतो. त्या योजनेत आरोग्य, शिक्षण, शेती, रस्ते यांचे मोजमाप होते, विसाव्याचे होत नाही. खेडुताने राबावे, शिकावे व बरे व्हावे अशी राज्याची इच्छा दिसते. त्याने निवांत बसावे ही गोष्ट कोणाच्या मनातच आली नाही!

तथापि अनुल्लेख म्हणजे मनाई नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ अन्वये जिल्हाधिकारी सरकारी पडीक जमीन चराई, स्मशान, खळे, बाजार यांप्रमाणेच सार्वजनिक प्रयोजनासाठी राखून ठेवू शकतात, आणि त्या प्रयोजनांत उद्यानाचे नाव स्पष्ट आहे. दार आहे, ठोठावणारा पाहिजे.

मात्र येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. गावच्या सामाईक जमिनी वाचविण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये कडक आदेश दिले व त्याच वर्षी जुलैत राज्य शासनाने त्यानुसार निर्णय काढला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानेही गायरानांवरील अतिक्रमणांचा प्रश्न हाती घेतला. परंतु २०११ च्या त्या निकालातच, शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमाती यांस दिलेल्या जमिनींचा अपवाद म्हणून विचार झालेला आहे. बागेच्या नावाने गायरान कसणाऱ्या भूमिहीनाची झोपडी उठवावी आणि धनिकाच्या कुंपणाकडे पाहू नये, असे झाल्यास ती बाग नव्हे, तो अन्याय होईल. गावठाणालगतचा एखादा तुकडा, शाळेशेजारची मोकळी जागा, तलावाचा काठ एवढ्यानेही काम भागते.

पाणी कोठून आणावे, असे कोणी विचारील. आम्ही हिरवळ व कारंजी मागतच नाही. वड, पिंपळ, निंब, चिंच ही आमच्या मातीतली झाडे दोन-चार उन्हाळे जपली म्हणजे पुढे पिढ्यानुपिढ्या सावली देतात. त्यांखाली बाक, पिण्याचे पाणी, रात्रीस दिवा आणि जवळ स्वच्छ शौचकूप एवढे पुरे. पैसा लोकांचाच लागेल, हेही खरे. परंतु इंग्लंडात बर्कनहेड येथील उद्यान १८४७ साली खुले झाले तेही लोकांच्याच पैशाने.

आणि ही बाग सर्वांत अधिक कोणास हवी? पुरुषास पार आहे, चहाचे दुकान आहे, स्टँड आहे. बाईस काम असेल तरच घराबाहेर पडता येते. देवळात ती देवाचे निमित्त सांगून जाते, विहिरीवर घागरीचे. निमित्तावाचून तिला बसता येईल अशी एक जागा गावात असणे ही सामाजिक सुधारणाच होय, मग तिचे उद्घाटन कोणाच्याही हस्ते होवो वा न होवो. एका खोलीत पाचजण राहतात तेथील विद्यार्थ्यासही ती तितकीच हवी. चर्नी रोडच्या बाकावर बसणारा विद्यार्थी केवळ मुंबईतच जन्मास येतो असे थोडेच आहे?

सबब अनसिंग व आसपासच्या गावांतील सुज्ञ नागरिकांस आमची सूचना अशी : येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडावा, जागा नकाशासह दाखवावी, ती कोणाच्या पोटावर पाय देणारी नाही याची खात्री करावी, आणि कलम २२ चा उल्लेख करून ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. त्या ग्रामसभेस स्त्रियांनी संख्येने हजर राहावे, कारण त्यांच्या गैरहजेरीत झालेल्या बागेस कुलूपही त्यांच्याच गैरहजेरीत लागेल. शहराची बाग पाहून आलेल्यांनी तिचे वर्णन पुष्कळ केले. आता आपल्या गावी तशी जागा कायद्याने मागून घेण्याचे काम तेवढे उरले आहे.