‘बोर्ड गेलाय, नवीनच घ्या!’

आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींत सध्या विज्ञानाला बरे दिवस आले आहेत. तीन फेऱ्या झाल्या, की बाकावर बसायचे आणि आदल्या रात्री कोणाच्या तरी मोबाइलवर आलेला एखादा चमत्कार सगळ्यांनी मिळून पाहायचा. शनीची कडी, चंद्रावरचे विवर, घडी होणारा फोन, काहीही चालते. परवाचा चमत्कार व्हॉयेजर यानाचा होता. १९७७ साली सोडलेल्या या यानावरच्या सगळ्या संगणकांची स्मृती मिळून जेमतेम ७० किलोबाइट. तुमच्या खिशातल्या आठ गिगाबाइटच्या फोनची त्याच्या सव्वा लाख पट! मंडळी खूष झाली. एका निवृत्त मित्राने तर खिशातून आपला फोन काढून त्याच्याकडे अशा कौतुकाने पाहिले, की जणू नातवाचा पहिला नंबर आला आहे.

मी गप्प होतो, कारण आदल्याच दिवशी आमच्या टीव्हीचे निधन झाले होते. वय वर्षे सहा. कंपनीने पाठवलेल्या मुलाने मागचे झाकण उघडले, आत बॅटरीचा झोत टाकला आणि निकाल दिला, ‘‘काका, बोर्ड गेलाय. या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही. नवीनच घ्या.’’ बोर्डावरचे नेमके काय गेले, असे विचारले तर त्याला सांगता येईना. मुलगा लबाड नव्हता. त्याला बोर्ड काढायला आणि बसवायला शिकवले होते, बोर्डात काय चालते ते कोणी शिकवलेच नव्हते. तपासणीचे पैसे मात्र पावती देऊन घेऊन गेला.

सव्वा लाखाचा तो हिशेब बरोबरच आहे. माझे म्हणणे एवढेच, की आपण त्याचा अर्थ उलटा लावतो. त्यातून आपला फोन किती थोर, हे आपण काढतो. खरे तर विचारायला हवे ते हे, की इतक्या तुटपुंज्या सामग्रीचे यंत्र जवळजवळ अर्धशतक चालते कसे?

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ बरळू लागले. संदेश येत होता, पण त्याला अर्थ नव्हता. यान तेव्हा पृथ्वीपासून सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर होते. प्रकाशाच्या वेगाने गेलेल्या आज्ञेलाही तिथे पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच. म्हणजे ‘हॅलो’ म्हणायचे आणि दोन दिवस वाट पाहायची! कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांनी महिनोन् महिने निरनिराळ्या आज्ञा पाठवून पाहिल्या. मार्च २०२४ मध्ये एका आज्ञेला जे उत्तर आले, त्यात यानावरच्या एका संगणकाची सबंध स्मृतीच उतरून आली होती. ती जुन्या नोंदीशी ताडून पाहिली, तेव्हा कळले की सुमारे तीन टक्के भाग नासला आहे आणि कारण आहे एकच चिप. तिथे कोण जाऊन बदलणार?

मग त्यांनी जे केले, ते आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला लगेच समजेल. फडताळातला एक कप्पा मोडला. त्यातले सगळे डबे एकत्र मावतील अशी दुसरी जागा घरात नाही. तेव्हा चार डबे या कप्प्यात, दोन त्या कोपऱ्यात असे सरकवायचे आणि कुठला डबा कुठे गेला त्याच्या चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या. निकामी चिपवरच्या आज्ञावलीचे त्यांनी तसेच तुकडे केले आणि ते जिथे जागा मिळाली तिथे बसवले. पहिला तुकडा १८ एप्रिलला पाठवला, २० एप्रिलला यान शुद्धीवर आले. जूनपर्यंत त्याची चारही उपकरणे पुन्हा कामाला लागली होती.

त्याहून गमतीची गोष्ट २०२५ मधली. यानाचा रोख सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांची एक जोडी २००४ साली मेली, असे सर्वांनी मानले होते, कारण तिचे तापक बंद पडले होते. दुसऱ्या जोडीवर काम भागत होते. पण तिच्या नळीत कचरा साठू लागला, तेव्हा कोणीतरी जुना पंचनामा पुन्हा उघडला. तापक जळलेच नसतील, नुसते एखादे बटण उलट्या बाजूला पडले असेल तर? मार्चमध्ये ते बटण इथून फिरवले आणि वीस वर्षांपूर्वी मेलेली इंजिने तापली! आमच्या लहानपणी वायरमन घरात येताच पहिला प्रश्न विचारायचा, ‘‘मेन चालू आहे ना?’’ तोच हा प्रश्न.

हे जमले कशामुळे? एक तर यंत्र बनवणाऱ्यांनी ते आतून बदलता येईल असे बनवले. दुसरे, त्याचे कागद राहिले. कामे करणारे पिढीने बदलले, पण अडचण आली की आजही ते जुने दस्तऐवज काढून बसतात. आमच्या वडिलांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओबरोबर त्याच्या सर्किटचा घडीचा कागद आला होता. गल्लीतला मेकॅनिक तो टेबलावर पसरायचा आणि त्यावर बोट फिरवत रोग शोधायचा. आज वस्तूबरोबर आठ भाषांतल्या सूचना येतात, आणि त्यातली पहिली असते ‘उघडू नका’.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. फोन पातळ हवा, पाण्यात पडला तरी चालायला हवा, असा हट्ट आपलाच. तो पुरवायचा तर सगळे चिकटवून बंद करावे लागते. पण भिंतीवर टांगलेला टीव्ही कुठे पोहायला जातो? मिक्सरला आणि धुलाई यंत्राला कसली आली गुप्तता? आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळ काढले, हे चांगलेच झाले. परंतु माहिती देणे कंपनीच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. युरोपीय संघाने जून २०२५ पासून असा नियम लागू केला, की फोनच्या एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही त्याचे महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत. आपल्याकडे निदान मोठ्या घरगुती वस्तूंना दहा वर्षांची अट आणि सर्किटचा कागद सक्तीचा करायला काय हरकत आहे? एखादी वस्तू शे-दोनशे रुपयांनी महाग झाली तर होऊ दे.

बाकावरची व्हॉयेजरची चर्चा शेवटी केसरबाई केरकरांवर येते, तशी परवाही आली. यानावरच्या सोनेरी मुलाम्याच्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. यान निघाल्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी बाई गेल्या. मंडळींचे डोळे पाणावतात, माझेही. पण तबकडीला दुरुस्ती लागत नाही. ती वाहून नेणाऱ्या यंत्राला लागते, आणि ती करणारी माणसे आमच्या मोबाइलवरच्या चमत्कारात कधी दिसत नाहीत.

टीव्ही सध्या पेठेतल्या एका जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे आहे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बोर्ड उलटापालटा पाहिला आणि विचारले, ‘‘याचा डायग्राम मिळेल का?’’ कंपनीला विचारले. त्यांनी नवीन मॉडेलचे माहितीपत्रक पाठवले. ‘‘असू द्या, आठ दिवस ठेवून जा,’’ दुरुस्तीवाले म्हणाले. आज अकरावा दिवस आहे.