खंडणी फक्त पैशांची नसते

२५ डिसेंबर २०१४. 'द इंटरव्ह्यू' हा सिनेमा नाताळच्या या दिवशी अमेरिकेत लागायचा होता. आठ दिवस आधी, १७ डिसेंबरला, सोनी पिक्चर्सने प्रदर्शन रद्द केल्याचे जाहीर केले. कुठल्या न्यायालयाने मनाई केली नव्हती, सरकारने बंदी घातली नव्हती, आणि सर्वसामान्य प्रेक्षकाने तर तो पाहिलाच नव्हता. आदल्या दिवशी 'गार्डियन्स ऑफ पीस' असे नाव लावणाऱ्या टोळीचा एक संदेश मात्र आला होता. ११ सप्टेंबर २००१ आठवा आणि हा सिनेमा लागेल त्या थिएटरपासून लांब राहा, असा त्याचा आशय होता. तेवढ्यावर रीगल, एएमसी, सिनेमार्क या बड्या थिएटर कंपन्यांनी अंग काढून घेतले आणि सोनीने सिनेमा गुंडाळला.

या निर्णयाला शहाणपण म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला तो तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. धमकीपोटी सिनेमा मागे घेणे ही खंडणी देणे आहे. पण माझा राग केवळ खंडणी देणाऱ्यावर नाही. गुंडाशी एकट्या दुकानदाराला झुंजायला सोडून बाकीची बाजारपेठ आपापली शटर ओढून घेते, तेव्हा खरा गुन्हा त्या बाजारपेठेचा असतो.

आधी वस्तुस्थिती. सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग यांचा हा विनोदी सिनेमा. दूरचित्रवाणीवरच्या एका उथळ मुलाखतकाराला आणि त्याच्या निर्मात्याला उत्तर कोरियाचे सर्वेसर्वा किम जोंग उन यांची मुलाखत मिळते आणि सीआयए त्या दोघांवर किम यांना संपवण्याची कामगिरी सोपवते, ही कथा. जून २०१४ मध्ये उत्तर कोरियाने याला युद्धाची कृती म्हटले, निर्दय प्रत्युत्तराची भाषा केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे तक्रार नेली. २४ नोव्हेंबरला सोनीच्या कर्मचाऱ्यांनी संगणक सुरू केले तेव्हा समोर कवटीचे चित्र होते. पुढच्या दिवसांत खासगी ईमेल, पगारांचे आकडे, न लागलेले सिनेमे आणि सुमारे ४७,००० लोकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक चव्हाट्यावर आले. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांनाही धमकावले गेले. १९ डिसेंबरला एफबीआयने उत्तर कोरियाला जबाबदार धरले. त्या देशाने हात झटकले, मात्र तत्पूर्वीच या हल्ल्याला 'धर्मकृत्य' ठरवून झाले होते.

आता पूर्वपक्ष. सिनेमा मागे घेण्याच्या बाजूने चार मुद्दे मांडले जातात. ते मांडणारी माणसे भेकड नाहीत, म्हणून प्रत्येकाला नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला मुद्दा जिवाचा. करमणुकीपेक्षा माणूस मोठा, हे कोण नाकारेल? जुलै २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरा शहरात सिनेमा चालू असताना एका माथेफिरूने गोळीबार करून १२ जणांना मारले होते. ते थिएटर सिनेमार्कचे होते आणि २०१४ मध्ये त्या प्रकरणातले भरपाईचे दावे कंपनीवर चालूच होते. त्यांची भीती काल्पनिक नव्हती. पण भीती खरी असली म्हणजे तिचे माप आपोआप खरे ठरत नाही. थिएटरांवर हल्ल्याचा कट शिजत असल्याची विश्वसनीय माहिती नाही, असे अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने सांगितले होते. 'काही होणारच नाही याची हमी द्या' अशी अट घातली तर जगात कुणालाच ती पुरी करता येणार नाही. मग कुठलाही सिनेमा पाडायला एक संदेश पुरेल, आणि संदेशाला खर्च काहीच नाही.

शिवाय रद्द करणे आणि काहीच न करणे यांच्यामध्ये पुष्कळ जागा होती. दारावर पहारा, पिशव्यांची तपासणी, मोजके खेळ, तारीख सांगून पुढे ढकललेले प्रदर्शन. सोनीने त्या दिवशी तारीख पुढे ढकलली नाही. पुढे प्रदर्शनाचा बेतच नाही, असे सांगितले. त्याचे फळ लगेच दिसले. स्टीव्ह कॅरेल यांना घेऊन उत्तर कोरियाच्या पार्श्वभूमीवर एक सिनेमा निघणार होता. चित्रीकरणही सुरू झाले नव्हते, तो बंद करण्यात आला. काही थिएटरांनी 'द इंटरव्ह्यू'च्या जागी २००४ चा 'टीम अमेरिका: वर्ल्ड पोलीस' दाखवायचे ठरवले, कारण त्यात किम यांच्या वडिलांची टिंगल आहे. पॅरामाउंटने तोही दाखवू दिला नाही. धमकीत या दोन सिनेमांचा उल्लेखसुद्धा नव्हता. टोळीने एक मागितला, आपण वर दोन दिले. जीव वाचवण्याचा प्रश्न होता म्हणता, तर या दोन सिनेमांनी कोणाचा जीव धोक्यात घातला होता?

दुसरा मुद्दा दर्जाचा. सिनेमा सुमार आहे, पाणचट विनोदांनी भरलेला आहे, त्यासाठी एवढा आटापिटा कशाला? सुमार तर सुमार. उत्तम सिनेमालाच संरक्षण द्यायचे ठरवले तर कोणता उत्तम हे सांगणारा एक दरबार भरवावा लागेल, आणि त्या दरबाराच्या खुर्च्यांवर कोण बसेल हे आपण जाणतो. गुंड बाजारात शिरतो तेव्हा मोठ्या पेढीपासून सुरुवात करत नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला पहिल्यांदा दमात घेतो, कारण त्याच्यासाठी कुणी रस्त्यावर येणार नाही हे त्याला माहीत असते. 'गेली टपरी तर गेली' असे म्हणणाऱ्यांनी पेढीच्या दाराशी पोचायचा रस्ता त्याला दाखवलेला असतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. जिवंत राष्ट्रप्रमुखाची, नावानिशी, पडद्यावर हत्या दाखवणे सभ्यपणाचे आहे काय? अमेरिकनांनी आपल्या अध्यक्षांच्या बाबतीत हे चालवून घेतले असते काय? याचे उत्तर इतिहासातच आहे. २००६ मध्ये 'डेथ ऑफ अ प्रेसिडेंट' हा ब्रिटिश सिनेमा आला. त्यात तेव्हा पदावर असलेल्या जॉर्ज बुश यांची हत्या दाखवली होती. टीका झाली, संताप झाला, रीगल आणि सिनेमार्कने तो लावायला नकार दिला. तरीही तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. अभिरुचीपोटी दिलेला नकार मला मान्य नसला तरी तो नकार देणाऱ्याचा स्वतःचा असतो. धमकीपोटी दिलेला नकार धमकावणाऱ्याचा असतो, सही तेवढी आपली.

मराठी वाचकाला तर यासाठी इतके लांब जायला नको. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. मंचावर विराटाचा दरबार होता, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होते आणि छळल्या जाणाऱ्या द्रौपदीत आपला देश. भीम कीचकाला मारतो म्हणजे काय होते, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कळत होते आणि सरकारलाही. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. कर्झन तेव्हा हयात होते. जिवंत सत्ताधीशाचा कलेतला वध हा मुळातच वर्ज्य मानायचा, तर ती बंदी योग्य होती असे म्हणावे लागेल. ते म्हणायची माझी तयारी नाही. खाडिलकर आपल्याच मानेवरच्या जोखडाविरुद्ध लिहीत होते आणि हॉलीवूडचे विनोदवीर सुरक्षित अंतरावरून थट्टा करत होते, हा फरक मी मानतो. नैतिक वजन सारखे नाही. पण हलके वजन दाखवून द्यायला समीक्षक आहे, प्रेक्षक आहे. उत्तर कोरियाने पत्र लिहिले, निषेध केला, तिथवर तो त्यांचा हक्कच होता. निषेधात 'हे पाहू नका' असे सांगितले जाते. 'पाहाल तर मराल' हे शब्द निघाले की निषेध संपतो.

आणि नमते घेऊन भागले असते असे कुणाला वाटत असेल, तर तेही झाले होते. फुटलेल्या ईमेलमधूनच कळले की किम यांच्या मृत्यूचे दृश्य सौम्य करावे असा दबाव सोनीच्या जपानमधल्या सर्वोच्च पातळीवरून आधीच आला होता आणि दृश्याची धार कमीही केली गेली होती. सोनीवरचा हल्ला त्यानंतरचा आहे.

चौथा मुद्दा धंद्याचा. खासगी कंपनीने आपल्या मालाचे काय करावे हा तिचा प्रश्न. यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य कुठून आले? सोनी पिक्चर्सचे प्रमुख मायकेल लिंटन यांचे म्हणणे होते की आम्ही शरण गेलो नाही, थिएटरेच आमच्या मालकीची नाहीत. त्यात तथ्य आहे. पण हीच तर धमकीची वाट आहे. थिएटरवाला भरपाईच्या दाव्याला घाबरतो, मॉलचा मालक नाताळच्या गिऱ्हाइकाला, निर्माता थिएटरवाल्याला. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या वहीत बरोबर, आणि सगळ्यांची बेरीज मात्र शरणागती. सरकारच्या बंदीला निदान न्यायालयात आव्हान देता येते. या बेरजेला कोणत्या न्यायालयात उभे करणार? म्हणूनच खासगी निर्णय म्हणून तिकडे पाठ फिरवता येत नाही.

इथवर खंडन झाले. मग करायचे काय, हे सांगितल्याशिवाय मला थांबायचा अधिकार नाही.

पहिली जबाबदारी राज्याची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे. 'ओरे ओरु ग्रामथिले' या तमिळ सिनेमाच्या रंगराजन खटल्यात, प्रदर्शनाने कायदा-सुव्यवस्था बिघडेल असे तमिळनाडू सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले. हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपणे म्हणजे ब्लॅकमेलला शरण जाणे, स्वातंत्र्याचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे आणि परिस्थिती हाताळता येत नाही ही सबब चालणार नाही, असा त्याचा सारांश. धमकी परदेशातून आली तर हे तत्त्व अधिकच लागू पडते, कारण परक्या सत्तेपुढे एकटे थिएटर उभे राहूच शकत नाही. राष्ट्राध्यक्ष ओबामा १९ डिसेंबरला म्हणाले की सोनीने चूक केली, आधी माझ्याशी बोलायला हवे होते. बोलणे बरोबर, पण दोन दिवस उशिराचे. पहिला फोन सरकारने करायचा असतो. पहारा आम्ही देतो, तुम्ही दार उघडा, एवढे सांगायला.

दुसरी जबाबदारी व्यवसायाची. इथे खंडणी हा शब्द मी जाणून वापरतो, कारण मुंबईच्या सिनेसृष्टीने त्याचा अर्थ रक्त सांडून शिकला आहे. परदेशात बसलेल्या टोळीप्रमुखांचे फोन नव्वदच्या दशकात इथे नेहमीचे झाले होते. ऑगस्ट १९९७ मध्ये अंधेरीत गुलशन कुमार यांची हत्या झाली. जानेवारी २००० मध्ये राकेश रोशन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे 'चोरी चोरी चुपके चुपके' या सिनेमात टोळीचा पैसा असल्याच्या खटल्यात नामवंत साक्षीदार उलटत गेले, आणि आपल्याला खंडणीचा फोन आला होता हे न्यायालयात ठामपणे सांगितले ते प्रीती झिंटा यांनी. त्यांच्या धैर्याला नमस्कार. पण जिथे एका अभिनेत्रीला एवढे धैर्य एकटीने दाखवावे लागते, तिथे बाकीच्यांनी मान खाली घालायला हवी. १९९८ मध्ये सरकारने चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा दिला, निर्मात्यांना बँकांचे दार उघडू लागले आणि काळ्या पैशाची गरज घटत गेली. मला यातला धडा मोलाचा वाटतो. शौर्य हवेच, पण शौर्याची गरज कमी करणारी व्यवस्थाही हवी.

हॉलीवूडमध्ये ती नव्हती. जॉर्ज क्लूनी यांनी सोनीच्या पाठीशी उभे राहण्याचे एक निवेदन फिरवले आणि त्यावर कुणीही सही केली नाही, असे त्यांनीच सांगितले. तिथेच टोळी जिंकली. सगळ्या स्टुडिओंनी आणि सगळ्या थिएटर कंपन्यांनी एका सुरात 'आम्ही लावणार' म्हटले असते, तर कुणा एकावर नेम धरता आला नसता. तसा करार संकटाआधी व्हायला हवा. एका सिनेमाला धमकी आली की तो सर्वांनी एकाच दिवशी लावायचा. नुकसानीचा भार सामायिक विम्यातून उचलायचा. योग्य खबरदारी घेणाऱ्या थिएटरवर हल्लेखोराच्या गुन्ह्याची भरपाई लादली जाणार नाही, अशी कायद्यात तरतूद करायची.

तिसरी गोष्ट, वाटा अनेक ठेवायच्या. टीका वाढल्यावर सोनीने माघार मागे घेतली. २४ डिसेंबरला सिनेमा इंटरनेटवर आला, दुसऱ्या दिवशी तीनशेहून अधिक, बहुतांशी छोट्या, स्वतंत्र थिएटरांत लागला. पहिल्या चार दिवसांत घरबसल्या पाहणाऱ्यांकडूनच दीड कोटी डॉलरची कमाई झाली. खेळ सुरळीत पार पडले. हजारो पडदे असलेल्यांनी पाय मागे घेतला होता, एक-दोन पडदे असलेल्यांनी दार उघडले. म्हणजे खबरदारी घेऊन दाखवणे अशक्य नव्हते, हे आठवड्याभरातच सिद्ध झाले.

एक पथ्य मात्र पाळायचे. धमकीला उत्तर देताना त्या देशाच्या जनतेवर राग काढायचा नाही. उत्तर कोरियाच्या सामान्य माणसाने ही धमकी दिलेली नव्हती, आणि आपल्या सत्ताधीशावर हसण्याची मुभा जगात सर्वांत कमी असलेल्यांपैकी तो आहे.

शेवटची जबाबदारी तुमची-माझी. पुढची धमकी ज्या सिनेमाला येईल तो बहुधा मला आवडणार नाही. कदाचित माझ्याच श्रद्धास्थानावर त्यात ओरखडा असेल. त्या दिवशी 'या सिनेमासाठी कशाला?' हा प्रश्न माझ्याच ओठांवर येईल, आणि टोळीची सगळी भिस्त नेमकी त्या प्रश्नावर असेल. तेव्हा मला एवढेच करायचे आहे. तिकीट काढायचे, तपासणीच्या रांगेत उभे राहायचे, सिनेमा पूर्ण पाहायचा, आणि बाहेर आल्यावर तो वाईट असेल तर खणखणीत आवाजात वाईट म्हणायचे.