जुना ट्रॅक्टर, मळणीचा पट्टा आणि घरचे बियाणे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि 'जुना काढा, नवा घ्या' ही चर्चा पारापारावर सुरू झाली. ज्याला झेपेल त्याने जरूर घ्यावा. पण त्याच महिन्यात नांदेड-लातूरकडची सोयाबीन पाण्यात उभी होती. अशा सालानंतर नवा हप्ता अंगावर घेणे सगळ्यांच्या आवाक्यातले नाही. मळणीपुरते बोलायचे तर जुना बी-२७५ किंवा मॅसी चांगला चालू असेल तर पुरे. खोट बहुधा ट्रॅक्टरच्या वयात नसते, पुलीच्या मापात असते.

पीटीओचा शाफ्ट ठरलेल्या रेसवर मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्यावर १२ इंची पुली आणि मळणी यंत्राच्या ड्रमलाही १२ इंची, म्हणजे ड्रमही ५४० फिरणार. गहू-ज्वारीला हे खपून जाते. सोयाबीनच्या बियाण्याला नाही. दाण्यात १३ टक्के ओल असेल तर ड्रमचे फेरे ३०० ते ४००, १४ टक्के असेल तर ४०० ते ५०० ठेवावेत. सोयाबीनचे साल पातळ, मार बसला की आतून तडकते. वरून दाणा टकाटक दिसतो, अडतीत विकलाही जातो, पण मातीत गेला की उगवत नाही. २०२० च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या तक्रारींनी मराठवाडा हैराण झाला होता. घरचे बियाणे ठेवा असे आम्ही सांगतो, ते मळणीतच फुटले तर सांगून काय उपयोग?

आता कुणी म्हणेल, साहेब, रेस कमी केली की झाले. तसे करू नका. इंजिनाचा जोर उतरतो, ओला पाला ड्रमला गुंडाळतो. ड्रमची पुली १६ इंची बसवा, फेरे ४०५ वर येतात. मात्र पंखा ड्रमच्याच शाफ्टवरून चालत असेल तर तोही मंदावतो आणि भुसकट दाण्यात येते. म्हणून पंख्याची पुली ८ इंची असेल तर ६ इंची करा, वारा पहिल्याइतका राहील. गावातला खरादवाला हे काम करून देतो. शेवटी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. सत्तरच्या आत उगवले तर ते बियाणे म्हणून ठेवू नका.

राहिला पट्टा. त्याला जाळी बसवा आणि चालत्या पट्ट्याला हात नको. मळणी यंत्राच्या सुरक्षिततेसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रे कायदाच आहे. पेंढी टाकायची नळी किमान ९० सेंटीमीटर लांब, त्यातली ४५ सेंटीमीटर वरून झाकलेली हवी. जुन्या यंत्रांत ती आखूड असते आणि तिथे उभी असते रोजंदारीवरची बाई, पदर खोचून.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनी इथे लक्ष घालावे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात गेला तर १ लाख आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण ते खातेदाराला किंवा त्याच्या घरच्या एका माणसाला. भूमिहीन मजूर बाईचा हात गेला तर या योजनेतून तिला काही नाही. तेव्हा हंगामापूर्वी गावातली यंत्रे एका दिवशी चावडीसमोर आणवा, नळी आणि जाळी टेप लावून तपासा. ज्याची नळी आखूड निघेल त्याने पत्रा जोडून घेतल्याशिवाय यंत्र खळ्यावर नेऊ नये.