तक्रार पराभवाची नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांच्या संवर्धनाचा व नियमनाचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना या कायद्याने मनाई केली आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीचे खेळ यांना वेगळे काढून उत्तेजनास पात्र ठरविले. त्या निमित्ताने झालेली चर्चा जुगार, कर्जबाजारीपणा आणि महसूल यांभोवती फिरली, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु जे खेळ या मनाईतून सुटले ते खेळ म्हणून कसे आहेत, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. नाटक, कादंबरी, चित्रपट यांच्या गुणदोषांची हिरिरीने चिकित्सा करणारा आपला सुशिक्षित समाज व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र ‘मुलांचा वेळ फुकट जातो’ या एका वाक्यावर थांबतो.

या खेळांपैकी डावपेचांचे खेळ, म्हणजे रूढ नावाने ‘स्ट्रॅटेजी गेम’, विशेष विचार करण्याजोगे आहेत. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी घडविलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा या वर्गाचा प्रातिनिधिक खेळ १९९१ साली बाजारात आला. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी वसाहत करू पाहणारी एक टोळी खेळाडूच्या हाती येते. तेथून लेखन, नाणी, बँका, रेल्वे असे टप्पे ओलांडीत तो अंतराळयानापर्यंत पोचू शकतो. धान्याचे कोठार बांधावे की ग्रंथालय, शेजाऱ्याशी तह करावा की सैन्य उभारावे, अशा निवडी त्याला पावलोपावली कराव्या लागतात. साधने मर्यादित, गरजा अनेक, आणि एक घेताना दुसरे सोडणे अटळ. अर्थशास्त्राचा पहिला धडा तो हाच. चांगला खेळ म्हणजे रोचक निर्णयांची मालिका, ही मायर यांच्या नावे प्रसिद्ध असलेली व्याख्या या वर्गाचे मर्म नेमके सांगते.

असे असताना या खेळांचे निष्ठावंत खेळाडूच त्यांच्यावर सर्वाधिक रुष्ट का असतात? वरवर पाहणाऱ्यास ही हरणाऱ्याची कुरकुर वाटेल. वस्तुतः बुद्धिबळात हरलेला मनुष्य पट पुन्हा मांडतो आणि आपले कोठे चुकले ते शोधतो. त्याचा राग येतो तो स्वतःचा. डावपेचांच्या खेळात उसळणारा संताप वेगळ्या जातीचा आहे. तो पराभवाचा नसून आपल्या निर्णयाला किंमत उरली नाही, या जाणिवेचा आहे.

अनुदानावर पोसलेला प्रतिस्पर्धी

या संतापाचे पहिले कारण म्हणजे संगणकाने चालविलेला प्रतिस्पर्धी. खेळ अधिक कठीण करावयाचा तर हा प्रतिस्पर्धी अधिक चतुर व्हावयास हवा, अशी खेळाडूची साधी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बहुधा तसे घडत नाही. २०१६ सालच्या ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये सर्वांत कठीण पातळीवर खेळाडूला एका वसाहतीपुरती माणसे मिळतात आणि संगणकाच्या प्रत्येक राष्ट्राला तीन वसाहतींपुरती. त्यावर उत्पादन, द्रव्य आणि संशोधन यांत संगणकाला घसघशीत वाढ दिली जाते ती निराळीच. त्याची बुद्धी मात्र जेथल्या तेथे राहते. भरघोस अनुदान मिळूनही कारभार न सुधारलेल्या कारखान्यासारखा हा प्रतिस्पर्धी आहे. त्याच्याशी लढताना खेळाडू मुत्सद्देगिरी शिकत नाही; हिशोबातील ठरावीक तूट भरून काढण्याच्या ठरावीक युक्त्या तेवढ्या पाठ करतो.

जलद खेळांत हाच प्रश्न निराळ्या रूपाने येतो. ‘स्टारक्राफ्ट’सारख्या खेळात पाळी नसते; दोन्ही पक्ष एकाच वेळी हालचाली करतात आणि व्यावसायिक खेळाडू मिनिटाला शेकडो आज्ञा देतात. शांतपणे विचार करू इच्छिणाऱ्यांना असा खेळ बोटांची कसरत वाटतो, तर दडपणाखाली घेतलेला निर्णय हाच खरा निर्णय, असे त्याचे चाहते म्हणतात. हा आवडीचा भेद आहे आणि दोन्ही आवडी रास्त आहेत. जानेवारी २०१९ मध्ये डीपमाइंड या संस्थेच्या ‘अल्फास्टार’ने ‘स्टारक्राफ्ट २’मधील दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० असे नमविल्याचे जाहीर झाले, तेव्हा जाणकारांनी लगेच विचारले, की हा विजय बुद्धीचा की चपळाईचा? यंत्र मोक्याच्या क्षणी माणसाला अशक्य अशा वेगाने आज्ञा देत होते, आणि माणसाला पडद्यावर एका वेळी नकाशाचा एकच भाग दिसत असताना त्याला आपल्या दृष्टिक्षेत्रातील सारे एकदम दिसत होते. पडदा माणसाप्रमाणेच हलविण्याचे बंधन घातलेल्या यंत्राविरुद्धच्या सामन्यात त्या दोघांपैकी एक खेळाडू जिंकला. स्पर्धेच्या अटी काय होत्या हे कळल्याखेरीज निकालाला अर्थ येत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

नियम अंधारात असले की तेथे अफवा माजतात. मूळ ‘सिव्हिलायझेशन’मधील गांधीजी एका गणिती चुकीमुळे अणुबाँब टाकण्यास उतावीळ होत, ही आख्यायिका वर्षानुवर्षे जगभर सांगितली गेली. अशी चूक त्या खेळात नव्हती, असा खुलासा मायर यांनी २०२० सालच्या आपल्या आत्मकथनात केला. २०१० सालच्या पाचव्या आवृत्तीत मात्र कर्त्यांनी गांधीजींची ती प्रवृत्ती थट्टेने मुद्दाम तशी ठेवली होती. खेळाडू आख्यायिकेवर विश्वास ठेवीत राहिले, कारण प्रतिस्पर्धी काय करतो ते त्यांना दिसत होते, का करतो ते दिसत नव्हते.

अर्ध्यावरच लागलेला निकाल

दुसरे कारण खेळाच्या अर्थव्यवस्थेतच दडलेले आहे. ज्याची शहरे अधिक त्याचे उत्पन्न अधिक, उत्पन्न अधिक त्याचे संशोधन वेगवान, आणि संशोधन वेगवान त्याचे सैन्य वरचढ. संपत्ती संपत्तीला ओढते, हा व्यवहारातील अनुभव येथे यंत्राच्या काटेकोरपणाने लागू होतो. परिणामी निकाल डावाच्या मध्यावरच लागलेला असतो आणि उरलेले कित्येक तास पन्नास शहरांचे कारकुनी काम करण्यात जातात. त्यामुळे अनेक डाव अर्धेच सोडले जातात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘सिव्हिलायझेशन ७’ने यावर उपाय योजला. डावाचे तीन युगांत विभाजन करून युगांतराच्या वेळी मिळकतीचा बराचसा भाग रद्द करावयाचा आणि खेळाडूने नवी संस्कृती निवडावयाची. मौर्य, चोळ आणि मोगल अशी साखळी त्यात जोडता येते. कल्पना धाडसी होती, परंतु कष्टाने उभारलेले हिरावून घेतले, असा आक्षेप अनेक खेळाडूंनी घेतला. वारसा कराविरुद्ध घेतला जातो तोच हा आक्षेप. भारतात १९५३ साली आलेला मालमत्ता शुल्काचा कायदा १९८५ साली गुंडाळावा लागला, हे येथे आठवते. विषमता नको, पण आपली पुंजीही सुटावयास नको, या द्वंद्वातून काल्पनिक राज्यांचे राजेही सुटत नाहीत.

हुकूम मानणारी माणसे

अर्थात खेळाडूंची प्रत्येक तक्रार न्याय्य असते असे नाही. १८३६ ते १९३६ या शतकावर बेतलेल्या ‘व्हिक्टोरिया ३’ने २०२२ साली लष्कराची प्रत्येक तुकडी हलविण्याचा अधिकार खेळाडूकडून काढून घेतला आणि त्याने सेनापती नेमून आघाडी सोपवावी, एवढेच ठेवले. अनेकांना हा आपल्या हक्कावर घाला वाटला. वास्तविक कोणत्या राज्यकर्त्याच्या हाती एवढे असते? २००९ सालच्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात मराठा संघ निवडून राज्य करता येते. डाव १७०० सालापासून सुरू होतो. त्या वर्षी राजाराम महाराजांचे निधन होऊन ताराबाईंनी कारभार हाती घेतला. पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांचा संघ पुढे आकाराला आला. तो टिकला वाटाघाटींवर, सरंजामांवर आणि चौथाईच्या वाटण्यांवर. सरदाराला राजी करणे हाच तेथील मुख्य डावपेच होता. पडद्यावरचा सेनापती मात्र खेळाडूने बोट दाखविताच निघतो. मनाजोगते न घडल्यास आधी जपून ठेवलेला डाव उघडून इतिहास मागे फिरविण्याची सोयही खेळाडूच्या हाती असते. जो ही सोय मुक्तहस्ते वापरतो, त्याने यंत्राच्या पक्षपाताबद्दल फार बोलू नये.

हे सारे करमणुकीपुरते आहे, असे म्हणून सोडून देता येत नाही. राज्य कसे चालते, संपत्ती कशी वाढते, याविषयीच्या अनेक तरुणांच्या कल्पना क्रमिक पुस्तकांइतक्याच या खेळांतून घडत आहेत. राज्यकर्त्याला सर्व दिसते, प्रजा निमूट ऐकते, हे गृहीत त्यांच्या मनात नकळत रुजू शकते. उलटपक्षी, याच खेळांनी त्यांना एक मोलाची गोष्टही दिली आहे आणि ती म्हणजे अन्याय्य नियम ओळखण्याची दृष्टी. गुण कोठे कापले गेले हे न कळलेला विद्यार्थी आणि ज्येष्ठता यादीत आपले नाव कोणत्या निकषाने खाली गेले हे न समजलेला कारकून यांची व्यथा या खेळाडूच्या व्यथेहून निराळी नाही. माणूस अपयश पचवितो. न सांगितलेला निकष त्याला पचत नाही.

म्हणून खेळाच्या कर्त्यांनी प्रतिस्पर्ध्याला दिलेली प्रत्येक सवलत डाव सुरू होण्यापूर्वी पडद्यावर स्पष्ट लिहावी, ही मागणी वाजवी आहे. आणि वर्गातील मुलगा रात्री काय खेळत होता हे ज्या शिक्षकाला कळले असेल, त्याने वेळेचा हिशोब मागण्याआधी त्याला एवढेच विचारावे, की त्या खेळातला कोणता नियम तू बदलशील आणि का? त्या उत्तरातून अर्थशास्त्राचा एखादा तास सहज उभा राहील.