कॉग्निटिव्ह सायन्समध्ये मास्टर्स करायचंय? मग फॉर्म भरण्याआधी हे वाचाच

२०२४ चं फिजिक्सचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं. हिंटन म्हणजे एआयचे 'गॉडफादर'. पण त्यांची केंब्रिजची पदवी ना फिजिक्सची, ना कॉम्प्युटरची. ती होती एक्स्परिमेंटल सायकॉलॉजीची.

मेंदू शिकतो कसा, हा प्रश्न त्यांना मशीनपर्यंत घेऊन गेला. हाच प्रश्न कॉग्निटिव्ह सायन्सच्या मुळाशी आहे. एआयची चर्चा वाढली, तसं या डिग्रीकडेही पोरांचं लक्ष गेलंय.

हा विषय आहे तरी काय?

सायकॉलॉजी, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, न्यूरोसायन्स, मानववंशशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्स या सहा विषयांची मोट बांधली की कॉग्निटिव्ह सायन्स तयार होतं. याची सुरुवात १९५६ ची मानली जाते. त्या वर्षी एमआयटीमधल्या एका परिषदेत नोम चॉम्स्की, जॉर्ज मिलर, अ‍ॅलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी आपापलं काम मांडलं होतं.

भारतात कुठे शिकता येतं?

अलाहाबाद विद्यापीठाचं केंद्र यातलं जुनं नाव. आयआयटी गांधीनगर आणि आयआयटी दिल्लीत एमएस्सी आहे. आयआयटी कानपूरमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभागच आहे. आपल्याकडे मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुलं विज्ञान आणि गणित कसं शिकतात, यावर तिथे पीएचडी करता येते.

गैरसमज कुठे होतो?

पहिला गैरसमज म्हणजे ही डिग्री घेतली की थेरपिस्ट होता येतं. तसं नाहीये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला कोर्स आणि तिच्याकडे नोंदणी लागते. तो रस्ताच वेगळा आहे.

दुसरा, एआयमध्ये आपसूक नोकरी मिळते. कंपन्या 'कॉग्निटिव्ह सायंटिस्ट पाहिजे' अशा जाहिराती फारशा काढत नाहीत. यूएक्स रिसर्च, डेटा, एज्युकेशन टेक्नॉलॉजी अशा ठिकाणी संधी असते, पण तिथे तुमचं कोडिंग, स्टॅटिस्टिक्स आणि केलेले प्रोजेक्ट बघितले जातात.

तिसरा, आर्ट्सवाल्यांना गणितापासून सुटका मिळते. उलट प्रयोग आखायचे आणि त्यांचा डेटा तपासायचा, तर स्टॅटिस्टिक्सशिवाय पान हलत नाही.

मग करायचं की नाही?

रिसर्चमध्ये जायचं असेल, तर बीए सायकॉलॉजी झालेला आणि इंजिनीअर झालेला एकाच वर्गात बसून शिकतील अशा जागा आपल्याकडे कमीच आहेत, त्यातली ही एक. पण दोन वर्षांनी लगेच घरखर्च उचलायचा असेल, तर अ‍ॅडमिशनआधी दोन गोष्टी नक्की विचारा. स्टायपेंड आहे का? आणि मागच्या बॅचची पोरं आज कुठे आहेत?

ब्रोशर सगळ्यांचीच भारी असतात. खरं उत्तर मात्र तिथून पास झालेल्या सीनियरकडेच मिळतं.